महाविद्यालयांच्या मराठी विभागांना खुलं पत्र: मुलांना आधी चर्चापान दाखवा

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे मराठी विभागप्रमुख आणि प्राध्यापक यांना,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा येतो, त्यामागून २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. या दिवसांत अनेक महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळेत मराठी विकिपीडियाची एक दिवसाची कार्यशाळा होते. सकाळी उद्घाटन, मग विकिपीडियाची ओळख, जेवणानंतर मुलं खाती उघडतात, लिहायला लागतात, आणि संध्याकाळी अहवाल तयार होतो: इतके विद्यार्थी, इतके लेख. मी बरीच वर्षं मराठी विकिपीडियावर संपादन करते आहे. त्या दुपारी आणि पुढचे काही दिवस ‘अलीकडील बदल’ हे पान माझ्यासमोर उघडं असतं. अहवालात जे येत नाही ते मला तिथे दिसतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

दुपारी अडीच-तीनच्या सुमारास नवी पानं एकामागून एक उमटू लागतात. एकाच कवयित्रीवर तीन वेगवेगळ्या शुद्धलेखनांनी तीन लेख. एका किल्ल्याचा लेख, जो शब्दशः एखाद्या पर्यटन पुस्तिकेतून उचललेला. एक लेख इंग्रजीतून यंत्राने उलथवलेला, कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे याचा पत्ता नाही. आणि अधूनमधून एखादा लेख असा की वाचताना हात थांबतो. एका मुलीने आपल्या गावच्या जत्रेबद्दल लिहिलं होतं. बारा बैलगाड्या कशा ओढतात, मान कोणत्या घराण्याचा, पालखी कुठे थांबते, नैवेद्याला काय असतं. इतकं नेमकं आणि जिवंत की ती माहिती दुसरीकडे कुठे सापडणार नाही. पण लेखाला एकही संदर्भ नव्हता. मी तिच्या चर्चापानावर, म्हणजे तिला निरोप लिहायच्या पानावर, लिहिलं: लेख फार छान झालाय, यातल्या काही गोष्टी जिल्हा गॅझेटियरमध्ये किंवा एखाद्या स्थानिक वर्तमानपत्रात आल्या असतील तर तेवढे संदर्भ जोडूया, मी मदत करते. उत्तर आलं नाही. आठवड्याने पुन्हा विचारलं. तिने ते खातं त्या दुपारनंतर उघडलेलंच नव्हतं. पुढे संदर्भाअभावी त्या लेखातला बराचसा मजकूर निघाला. तिला हे कळलंही नसेल. किंवा कळलं असेल तर एवढंच की आपण लिहिलेलं कुणीतरी पुसलं.

माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. तुमची मुलं लिहू शकत नाहीत अशी माझी तक्रार अजिबात नाही. त्या पडद्यापलीकडे माणसं बसली आहेत, ती आपल्याशी बोलू पाहताहेत, हेच कार्यशाळेत त्यांना सांगितलं जात नाही. खातं कसं उघडायचं, ठळक अक्षर कसं करायचं, चित्र कसं चढवायचं, हे सगळं शिकवलं जातं. चर्चापान कशाला असतं हे सांगायला वेळ उरत नाही. आणि विकिपीडियावरचं जवळजवळ सगळं खरं काम त्याच पानांवर होतं.

तुम्ही विश्वकोश पाहिला आहे. तुमच्यातल्या काहींनी त्यात नोंदी लिहिल्या आहेत. वाईला मंडळ होतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखे प्रमुख संपादक होते, विषयवार तज्ज्ञ होते. नोंद आली की ती कुणाकडे जायची, कुणी तपासायची, अखेरचा शब्द कुणाचा, हे ठरलेलं होतं. विकिपीडियावर प्रमुख संपादक नाही. प्रचालक असतात, पण त्यांचं काम पानं सुरक्षित करणं, उपद्रव थांबवणं, वगळायची पानं वगळणं हे. मजकुरात काय राहावं यावर त्यांचं मत कालच खातं उघडलेल्या विद्यार्थ्याच्या मताइतकंच, संदर्भ ज्याच्या बाजूला त्याचं वजन जास्त. मग प्रमुख संपादकाचं काम कोण करतं? ते चर्चेतून होतं. प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चापान, प्रत्येक सदस्याला एक चर्चापान, आणि सगळ्यांसाठी चावडी, म्हणजे कुणीही काहीही विचारावं असं सामायिक चर्चेचं पान. निर्णय शक्यतो मतांची मोजणी करून होत नाही, सहमतीने होतो. ती व्हायला दिवस लागतात, कधी महिने.

एक उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९३ चा की शके ११९७ चा, हा वाद तुम्ही वर्गात शिकवता. समजा तुमच्या एका विद्यार्थ्याने लेखातलं एक साल खोडून दुसरं घातलं. पाच मिनिटांत कुणीतरी ते उलटवलं. विद्यार्थी चिडला, त्याने पुन्हा घातलं. पुन्हा उलटलं. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा असं केलं तर खातं काही काळ रोखलं जाऊ शकतं. आता हाच विद्यार्थी जर बदल जतन करताना आढाव्याच्या चौकटीत एक ओळ लिहील, की अमुक ग्रंथाच्या अमुक पानावर हे साल आहे, आणि उलटल्यावर चर्चापानावर जाऊन विचारील, की दोन्ही परंपरा संदर्भासह का देऊ नयेत, तर गोष्ट वेगळी होते. समोरचा बहुधा मान्य करतो. लेख आधीपेक्षा चांगला होतो. आणि त्या मुलाने त्या दिवशी जे केलं ते संशोधनच असतं: स्रोत दाखवणं, दुसऱ्याचा स्रोत वाचणं, आपला आग्रह कुठे सोडायचा हे ठरवणं.

या बोलण्याच्या काही साध्या रीती आहेत. लिहून झाल्यावर सही करायची, म्हणजे कोण बोललं ते कळतं. दुसऱ्याच्या म्हणण्याखाली एक पायरी आत सरकवून उत्तर द्यायचं. दुसऱ्याचं वाक्य कधीही बदलायचं नाही, त्यात शुद्धलेखनाची चूक असली तरी. समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून सुरुवात करायची. हे शिकवायला अर्धा तास पुरतो. अडचण एकच: हे भाषण देऊन शिकवता येत नाही. मुलांनी एकमेकांच्या चर्चापानावर खरोखर लिहावं लागतं, उत्तराची वाट पाहावी लागते, आणि उत्तर आलं की वर घंटेवर आकडा दिसतो तो उघडावा लागतो. बहुतेक मुलं मोबाइलवरून काम करतात, आणि मोबाइलवर हे निरोप नीट न दिसण्याची अडचण वर्षानुवर्षं होती. म्हणून ते कुठे बघायचे हे प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर दाखवावं लागतं.

बोलणं वगळून नुसती पानं भरली तर काय होतं याचा धडा आपल्याकडेच घडून गेला आहे. २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत भारत शिक्षण कार्यक्रम सुरू केला. शेकडो विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, असा बेत होता. हेतू उत्तम होता. पण मुलांना मदत करण्यासाठी नेमलेल्या स्वयंसेवकांतले बरेच जण स्वतःच विकिपीडियावर नवे होते, आणि ज्या जुन्या संपादकांच्या अंगणात हे सगळं होणार होतं त्यांच्याशी आधी पुरेसं बोलणं झालं नव्हतं. पाठ्यपुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा येऊ लागला. जगभरचे स्वयंसेवक मुलांच्या चर्चापानांवर इशारे लिहीत राहिले. अनेक मुलांनी ते वाचलेच नाहीत, किंवा वाचून काय करायचं ते त्यांना कळलं नाही. कारण गुण मिळणार होते ते मजकुरावर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कार्यक्रम थांबवावा लागला. त्यानंतर कितीतरी काळ लोक तो उचललेला मजकूर शोधून काढत बसले होते. त्याच महिन्यात मुंबई विद्यापीठात भारतातली पहिली विकिपरिषद भरली. एकीकडे देशभरचे संपादक प्रथमच एकमेकांना भेटत होते आणि दुसरीकडे पुण्यातल्या त्या मुलांची खाती ओस पडत होती, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या मुलांतले दहा जण जरी टिकले असते तरी आज आमच्याकडे दहा अनुभवी माणसं जास्त असती.

आणि माणसांचीच आम्हाला वानवा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेले लोक आठ कोटींहून जास्त. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. इतक्या वर्षांनंतरही सतत काम करणारे प्रचालक बोटांवर मोजावेत इतके आहेत. लहान समुदायाला दोन बाजूंनी धोका असतो, आणि दोन्हींची उदाहरणं जगाने पाहिली आहेत.

पहिलं स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं. स्कॉटलंडमधल्या या भाषेचा विकिपीडिया वर्षानुवर्षं मुख्यतः एका अमेरिकन मुलाने लिहिला होता, ज्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्य घ्यायचं, कोशात बघून एकेक शब्द बदलायचा, असं करत त्याने वीस हजारांहून जास्त पानं केली. २०२० च्या ऑगस्टमध्ये हे उघडकीला आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. मुलाचा हेतू वाईट नव्हता. लहान वयात त्याने सुरुवात केली होती, आणि ‘बाळा, ही भाषा अशी नाही’ असं त्याच्याजवळ बसून सांगणारं त्या विकिवर जवळजवळ कुणी नव्हतं. भाषा बोलणारे लाखो लोक होते. ते आपापल्या घरी होते.

दुसरं क्रोएशियन विकिपीडियाचं. तिथे प्रचालकांचा एक छोटा गट एकत्र आला आणि वेगळं मत मांडणाऱ्यांना वर्षानुवर्षं रोखत राहिला. इतिहासाचे लेख त्यांच्या राजकीय कलाने वाकवले गेले, दुसऱ्या महायुद्धातल्या अत्याचारांवर पांघरूण घातलं गेलं. विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये त्यावर अहवालच काढला. तिथे माणसं होती, पण त्यांना बोलू दिलं जात नव्हतं. या दोन्हींपासून मराठी विकिपीडियाला वाचवणारी एकच गोष्ट मला दिसते: चावडीवर येऊन प्रश्न विचारणारी, प्रचालकालाही ‘हे का वगळलंत?’ म्हणून विचारणारी पुष्कळ साधी माणसं. ती तुमच्या वर्गात आहेत.

एक नाजूक विषय इथे टाळता येणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला. सायबर पोलिसांनी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. त्या मजकुराची चिकित्सा मी या पत्रात करणार नाही. ती इतिहासकारांनी साधनं हातात घेऊन करावी. पण त्या दिवसांत ज्यांना तो मजकूर खटकला त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं की त्याच लेखाच्या माथ्यावर चर्चेचा दुवा आहे, तिथे जाऊन कोणता स्रोत दुबळा आहे आणि कोणता भक्कम आहे हे मांडता येतं, आणि जगातल्या कुणालाही त्याला उत्तर देता येतं. आपल्याकडे मराठेशाहीची बखर, पत्रव्यवहार, शकावल्या वाचलेली माणसं आहेत. मोडी वाचणारी आहेत. त्यांच्यातले किती त्या चर्चापानावर पोचले? हे दार आहे हे मुलांना शिकवलं असतं तर निदान काही जण तरी पोचले असते. आपल्या इतिहासाबद्दल आस्था असणाऱ्या माणसाला मी यापेक्षा मोठं काम सुचवू शकत नाही.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगते.

एका दिवसाची कार्यशाळा सोडा. तेवढेच सहा तास सहा आठवड्यांत विभागा. पहिल्या तासाला कुणीही लेख लिहू नये. एखादा गाजलेला लेख उघडावा आणि त्याचा इतिहास व चर्चापान मोठ्याने वाचावं. कुणी काय घातलं, कुणी का काढलं, कुणी कुणाला काय उत्तर दिलं. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे वाचन आवडतं असा माझा अनुभव आहे. पाठभेदांचा अभ्यास आणि हे काम यांत फारसं अंतर नाही. पुढचे तास धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, मग आधीच असलेल्या लेखांत संदर्भ जोडण्यात जावेत. नवा लेख सगळ्यात शेवटी, आणि ज्याला जमेल त्यानेच.

गुण द्यायचे असतील तर लेखाच्या लांबीवर देऊ नका. मुलाने एक खरा प्रश्न विचारला का, आलेलं उत्तर वाचून काही बदललं का, दुसऱ्याच्या लेखात एक तरी पक्का संदर्भ जोडला का, यावर द्या. हे सगळं पानाच्या इतिहासात नोंदलेलं असतं, तपासायला अवघड नाही. आणि मुलाचा लेख वगळला गेला तर त्याचे गुण कापू नका. वगळण्यावर त्याने चर्चेत मुद्देसूद बाजू मांडली असेल तर त्याचे उलट जास्त द्या.

मराठी विभागासाठी विकिपीडियाहूनही सोयीची एक जागा आहे, तिच्याकडे फार कमी लोक वळतात: मराठी विकिस्रोत. प्रताधिकार संपलेली जुनी पुस्तकं तिथे पानोपान टंकलिखित होतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं आपलं केवढं तरी साहित्य मोकळं आहे. डावीकडे मजकूर, उजवीकडे छापील पानाचं चित्र. यंत्राने ओळखलेली अक्षरं चित्राशी ताडून दुरुस्त करायची. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. गंमत अशी की जो पिवळं करतो त्यालाच ते हिरवं करता येत नाही. दुसरा माणूस लागतोच. म्हणजे सहकार्य तिथे नियमातच घातलेलं आहे. जुन्या छपाईतले जोडाक्षरांचे टाइप, अनुस्वारांची रेलचेल, शब्दाच्या मधोमध तुटलेल्या ओळी, यांवर मुलं एकमेकांना विचारतात, वाद घालतात, मूळ ठेवायचं की सुधारायचं हे ठरवतात. जुनं मराठी गद्य इतक्या बारकाईने वाचण्याची संधी वर्गात कधी मिळते? गावच्या जत्रेवर लिहिणाऱ्या त्या मुलीसारख्या मुलांना संदर्भ लागतात तेही अशाच जुन्या ग्रंथांतून निघतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडक्यात. हल्ली काही लेख यंत्राकडून लिहून घेतलेले येतात. वाक्यं गुळगुळीत, खाली संदर्भांची रांग, आणि त्यातली काही पुस्तकं अस्तित्वातच नसतात. इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये असा न तपासलेला यंत्रमजकूर चर्चेविना तत्काळ वगळायची सोय केली. मला मजकुरापेक्षाही जास्त टोचतं ते पुढचं. ‘हे पुस्तक तुम्ही कुठे पाहिलंत?’ असं चर्चापानावर विचारलं की त्याचं उत्तरही यंत्राकडूनच येतं, आभार मानणारं आणि काहीच न सांगणारं. मी एका माणसाला विचारलेलं असतं. त्या मुलाला मोडकंतोडकं, चार शब्दांचं उत्तर चालेल, हे कुणीतरी त्याला सांगायला हवं: ‘पाहिलं नाही, काढून टाका.’ एवढ्यावरही आम्ही पुढे जाऊ शकतो. शुद्धलेखन सुधारायला आमच्याकडे लोक आहेत. खरं उत्तर फक्त त्याच्याकडे असतं.

आमच्या बाजूनेही सुधारणा हवी आहे, ती मान्य केल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. नव्या माणसाच्या पहिल्या लेखावर कोरडा साचा, म्हणजे आधीच तयार असलेली ठरावीक सूचना, लावून पुढे जायची सवय विकिपीडियावर सगळीकडे आहे, मराठीतही आहे. ‘पान काढा’ असा साचा बघून विद्यार्थ्याला काय वाटत असेल याचा विचार जुन्या संपादकांनी करायला हवा. साच्याखाली दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहायला एक मिनिट लागतं. हे मी चावडीवरही मांडत राहीन. पण दोन ओळी लिहिल्या तर त्या वाचणारं कुणीतरी पलीकडे असावं, एवढी मदत तुम्हीच करू शकता.

तेव्हा येत्या पंधरवड्याचं नियोजन करताना तारीख ठरली की निदान तीन आठवडे आधी मराठी विकिपीडियाच्या चावडीवर लिहा. कोणता विषय, साधारण किती मुलं, कोणत्या पुस्तकांवरून लिहिणार, आणि तुम्ही स्वतः कोणत्या खात्याने असणार. हो, तुमचंही खातं असू द्या. सर किंवा मॅडम स्वतः चर्चापानावर प्रश्न विचारताहेत, एखाद्या दहावीतल्या मुलाने घेतलेल्या आक्षेपाला शांतपणे उत्तर देताहेत, हे विद्यार्थ्यांनी पाहिलं की पुढचं शिकवावं लागत नाही. आमच्यातले दोघे-चौघे त्या सहा आठवड्यांत तुमच्या मुलांच्या पानांवर लक्ष ठेवतील. दूर असलो तरी उत्तर देऊ. परदेशातून रात्री जागून काम करणारे मराठी संपादकही आहेत; तुमच्या मुलाने रात्री अकराला विचारलेल्या प्रश्नाला बहुधा त्यांच्यातलाच कुणी उत्तर देईल.

आपली,
मराठी विकिपीडियाची एक संपादक

ता. क. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून, चोवीस तासांत साधारण सहाच नवी खाती उघडता येतात. महाविद्यालयाची सगळी प्रयोगशाळा बहुधा एकाच पत्त्यावर चालते, त्यामुळे सातव्या विद्यार्थ्यापासून खातं उघडत नाही आणि दुपार वाया जाते. मुलांना खाती आदल्या आठवड्यात घरून उघडायला सांगा, किंवा चावडीवर आधी कळवा म्हणजे त्या दिवसापुरती सवलत मिळवता येते. आणि देवनागरी टंकायची सोय विकिपीडियातच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.